निघायचं की थांबायचं

मेक्सिकोच्या आखातात वादळाला नाव मिळालं की ह्यूस्टन, टॅम्पा, फोर्ट मायर्स, न्यू ऑर्लिन्स इथल्या लाखो घरांत एकच बोलणं सुरू होतं. एकाला वाटतं थांबावं, दुसरीला वाटतं आत्ताच गाडी काढावी. मुलं शाळा बंद म्हणून खूश असतात, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा म्हणतात, "आमच्यासाठी धावपळ करू नका रे, आम्ही इथेच ठीक आहोत." पुण्याहून मावशीचा फोन येतो, कारण तिथल्या टीव्हीवर अख्खा फ्लोरिडा लाल झालेला असतो. या गडबडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कॅटेगरी किती?" माझ्या मते कुटुंबाने हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते हे, की आपलं घर समुद्रापासून किती दूर, किती उंचीवर आणि कशाचं बांधलेलं आहे. याचं उत्तर वादळावर अवलंबून नसतं, त्यामुळे ते मे महिन्यातच शोधून ठेवता येतं.

एक ते पाच ही कॅटेगरी म्हणजे फक्त वाऱ्याचा वेग. ताशी १११ मैल, म्हणजे १७८ किलोमीटरच्या पुढे गेला की वादळाला 'मेजर' म्हणतात. पण माणसं मरतात ती मुख्यतः पाण्याने. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांनी थेट जे बळी घेतले, त्यांतले जवळपास निम्मे समुद्राच्या उधाणाचे होते, चतुर्थांशाहून जास्त पावसाच्या पुराचे, आणि वाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आत होता. २००८ सालचं आइक टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी दोनचंच होतं. 'दोनच आहे' म्हणून बोलिव्हर द्वीपकल्पावर काही माणसं थांबली. उधाण पंधरा ते वीस फूट आलं आणि रस्त्यामागून रस्त्यावरची घरं खांबांसकट गेली. हवामान खात्याने आदल्या दिवशी स्पष्ट लिहिलं होतं की किनाऱ्यालगतच्या एक-दोन मजली घरात थांबणाऱ्यांवर निश्चित मृत्यू ओढवू शकतो. सरकारी खातं इतकी कडक भाषा सहसा वापरत नाही. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं, आणि उधाणात ते उभं न राहता जोराने आत येतं, वाटेतल्या होड्या, लाकडं, गाड्या बरोबर घेऊन. अशा पाण्यापुढे लाकडी चौकटीच्या भिंती टिकत नाहीत.

म्हणून आधी इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे कुठला भाग कधी रिकामा करायचा याचा गट, पाहायचा. फ्लोरिडाच्या किनारी काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, पत्ता टाकला की ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर मिळतं. ए सगळ्यात आधी रिकामा करायचा. ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन भागात हे झिप कोडवरून ठरतं. इथे एक घोटाळा फार घरांत होतो. घर घेताना बँकेने सांगितलेला 'फ्लड झोन' आणि हा इव्हॅक्युएशन झोन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला विम्यासाठीचा नकाशा आहे, त्यातली अक्षरं एई, व्हीई, एक्स अशी. "आम्ही एक्समध्ये आहोत, आम्हाला निघायची गरज नाही" असं म्हणणाऱ्या घरावर उधाणाचा बी झोन असू शकतो. दोन्ही नकाशे पाहायचे, आणि निघायचा निर्णय दुसऱ्यावरून घ्यायचा.

तिथल्या आपत्ती व्यवस्थापनातली माणसं एक वाक्य वर्षानुवर्षं सांगत आली आहेत: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. झोनमध्ये असाल आणि आदेश आला तर निघायचं, त्यावर चर्चा नको. मोबाइल होममध्ये, म्हणजे बाहेरून तयार आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत असाल तर झोन कुठलाही असो, निघायचं. २०२४च्या ऑक्टोबरात मिल्टन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर यायच्या काही तास आधी पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट लुसी काउंटीत चक्रीवावटळी (टोर्नेडो) उठल्या आणि अशाच घरांच्या एका वसाहतीत सहा जण गेले. घरात कुणी ऑक्सिजन मशीनवर किंवा डायलिसिसवर असेल तरी निघायचं, कारण तिथे खरा धोका नंतर वीज जाण्याचा असतो. पण घर झोनच्या बाहेर असेल, २००२ नंतरच्या फ्लोरिडा बिल्डिंग कोडप्रमाणे बांधलेलं सिमेंटच्या ब्लॉकचं असेल, खिडक्यांना शटर असतील आणि घरात सगळे धडधाकट असतील, तर थांबणं हा भेकड किंवा बेफिकीर निर्णय नाही. तो जबाबदार निर्णय आहे. असं का म्हणतो, ते रीटा वादळाने दाखवलं.

सप्टेंबर २००५. कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवून तीन आठवडे झाले होते आणि छपरांवर हात हलवणारी माणसं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. रीटा आखातात कॅटेगरी पाचची झाली आणि नकाशा ह्यूस्टनकडे बोट दाखवू लागला. पंचवीस ते तीस लाख माणसं रस्त्यावर आली. त्यांतली फार मोठी संख्या अशा भागांतली होती जिथे उधाण पोचणारच नव्हतं. डॅलसकडे जाणारा इंटरस्टेट ४५, सॅन अँटोनिओकडे जाणारा १०, ऑस्टिनकडचा २९०, सगळे तुंबले. एरवीच्या चार तासांच्या प्रवासाला वीस-चोवीस तास लागले. हवेत भयंकर उकाडा, आणि गॅस, म्हणजे गाडीचं पेट्रोल, वाचवायला लोकांनी एसी बंद केले. वाटेतल्या पंपांवरचा गॅस संपला, मग गाड्या जागीच बंद पडल्या, आणि प्रत्येक बंद गाडीने एक लेन कमी केली. उलट दिशेच्या लेन उघडायचा निर्णय उशिरा झाला. ज्यांना खरोखर निघायला हवं होतं ते गॅल्व्हेस्टनचे लोक याच रांगेत, सगळ्यांच्या मागे अडकले. डॅलसच्या अलीकडे विल्मर गावाजवळ वृद्धाश्रमातल्या आजीआजोबांना नेणाऱ्या बसच्या चाकाचं बेअरिंग वंगणाअभावी तापून पेटलं, आत ऑक्सिजनच्या नळकांड्या होत्या, आणि तेवीस जण गेले. टेक्सासमध्ये रीटामुळे शंभराहून अधिक माणसं दगावली आणि त्यांतली बहुतेक या पळापळीत. वादळ शेवटी पूर्वेला वळलं आणि लुइझियानाच्या सीमेजवळ धडकलं.

म्हणजे गरज नसताना निघणं हेही दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. रस्त्याची क्षमता ठरलेली असते, आणि सुरक्षित घरातून निघालेली प्रत्येक गाडी बुडणाऱ्या घरातून निघालेल्या गाडीच्या पुढे उभी राहते. "खबरदारी म्हणून निघालेलं बरं" हे वाक्य मला म्हणूनच पूर्ण पटत नाही.

बारा वर्षांनी, २०१७च्या ऑगस्टमध्ये, हार्वी आलं तेव्हा ह्यूस्टनचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी शहर रिकामं करायचा आदेश दिला नाही. राज्यपालांनी लोकांना निघण्याचा विचार करा असं सुचवलं होतं, त्यामुळे गोंधळ झाला आणि पुढे बरीच टीकाही. हार्वी किनाऱ्यावर कॅटेगरी चारचं आलं ते रॉकपोर्टजवळ. ह्यूस्टनला त्याने बुडवलं ते वेग ओसरल्यावर, जागच्या जागी घुटमळत पडलेल्या पावसाने. टेक्सासमधल्याच नेदरलँड गावी ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड मीटरच्या वर. टेक्सासमध्ये किमान ६८ माणसं थेट दगावली आणि जवळपास सगळी पावसाच्या पुरात, कितीतरी जण पाण्यातून गाडी काढताना. उधाणाला झोन असतो. अशा पावसाचा कुठला रस्ता आधी बुडेल हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. लाखो गाड्या त्या वेळी रस्त्यावर असत्या तर काय झालं असतं याचा विचार केला की टर्नर यांचा निर्णय मला योग्य वाटतो. पण ज्या घरात पाणी येणार हे आधीपासून माहीत असतं, त्यांना शहराच्या आदेशाची वाट पाहायची गरज नसते. ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या केटी गावाकडच्या कित्येक वसाहती बार्कर आणि ॲडिक्स या पूरनियंत्रण जलाशयांच्या मागच्या, तुंबणाऱ्या बाजूला आहेत आणि अनेकांना ते हार्वीतच कळलं. समुद्राकडच्या क्लिअर लेकचं कुटुंब केटीच्या मित्राकडे गेलं तर उधाणापासून वाचतं, पण मित्राचं घर नेमकं कुठे आहे तेही बघून ठेवायला हवं.

आता वेळेचा हिशोब. घरोघरी चुकतो तो हाच. सगळे विचारतात, वादळ किनाऱ्यावर कधी येणार? विचारायला हवं की ताशी ३९ मैलांचा वारा आपल्या गावात कधी पोचणार. नॅशनल हरिकेन सेंटर त्याच्या लवकरात लवकरच्या वेळेचा वेगळा नकाशा देतं. सलग वारा चाळीसच्या आसपास गेला की टॅम्पा बेवरचे मोठे पूल बंद होतात आणि ॲम्ब्युलन्सही थांबतात. समजा वादळाचं केंद्र बुधवारी रात्री येणार आहे आणि हा वारा बुधवारी सकाळी. दोन तासांच्या वाटेला गर्दीत आठ तास धरा. गाडीत गुडघे दुखणारी आजी आणि लहान मूल असेल तर दर दीड-दोन तासांनी थांबणं धरा. अंधारात, पावसात पोचायचं नसेल तर मंगळवारी सकाळी निघायला हवं. म्हणजे निर्णय सोमवारी संध्याकाळी, आणि बॅगा, औषधं, गॅस हे रविवारी. हरिकेन वॉर्निंग तो वारा यायच्या सुमारे ३६ तास आधी लागते. ती लागल्यावर विचार सुरू करणाऱ्या घराचा निम्मा वेळ बोलण्यातच जातो.

आणि वादळ तेवढाही वेळ देईल असं नाही. २०१८चं मायकल रविवारी नुसतं उष्णकटिबंधीय वादळ होतं. बुधवारी दुपारी ते मेक्सिको बीचवर ताशी १६० मैलांचं, कॅटेगरी पाचचं होऊन आलं. 'उद्या सकाळचं बुलेटिन बघू' असं रविवारी म्हणणाऱ्यांकडे ते बुलेटिन पाहिल्यावर मधला मंगळवार हा एकच पूर्ण दिवस उरला.

वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर जो पांढरा शंकू असतो, त्याविषयी थोडं. तो वादळाची रुंदी दाखवत नाही. केंद्रबिंदू कुठे असू शकतो एवढंच त्यात असतं, आणि दर तीन वेळांत एकदा केंद्र त्याच्याही बाहेर जातं. २०२२च्या सप्टेंबरात इअनच्या वेळी सगळ्यांची नजर टॅम्पावर होती. दक्षिणेची ली काउंटी शंकूच्या कडेला होती. तिथला आदेश २७ सप्टेंबरच्या सकाळी निघाला आणि २८च्या दुपारी वादळ कायो कोस्टा बेटावर धडकलं. फोर्ट मायर्स बीचवर दहा ते पंधरा फूट पाणी चढलं. त्या वादळात चाळीसच्या आसपास माणसं नुसत्या उधाणात बुडाली, त्यांतली बहुतेक याच काउंटीतली. मधली काळी रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणून निश्चिंत होणं हे फार जुनं आणि फार महागात पडणारं समाधान आहे.

जायचं किती लांब? शेकडो मैल जायची गरज बहुतेकांना नसते. पाण्याच्या झोनमधून बाहेर, पंधरा-वीस मैल आत, पक्क्या घरात किंवा शाळेतल्या शेल्टरमध्ये. २०१७च्या इर्मात मायामीकडची कितीतरी कुटुंबं पश्चिम किनाऱ्याकडे गेली आणि वादळाची वाटही पश्चिमेकडेच सरकली. जितकं लांब जाल तितकी गर्दी, गॅसची चणचण आणि परतीची अडचण वाढते. शेल्टर म्हणजे शेवटचा उपाय असं आपल्याकडच्या लोकांना वाटतं, संकोचही असतो. तो सोडावा. तिथे जमिनीवर झोपायचं असतं, दिवे चालू असतात, आवाज असतो. चादर, उशी, औषधं आपली न्यावी लागतात. पण ते फुकट आणि जवळ असतं. कॅटरिनात कुत्र्यामांजरांसाठी माणसं मागे राहिली, म्हणून २००६ साली कायदा झाला आणि काउंट्यांना आपल्या योजनेत प्राण्यांची सोय धरावी लागली. तरी प्रत्येक शेल्टर प्राणी घेत नाही. कुठलं घेतं ते आधी पाहून ठेवायचं, आणि लशीचा कागद व पिंजरा बरोबर ठेवायचा.

घरातलं सगळ्यात नाजूक बोलणं म्हाताऱ्या माणसांशी असतं. लुइझियानात कॅटरिनाने गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. "आम्ही यापेक्षा मोठी वादळं पाहिली आहेत" या वाक्याशी वाद घालून उपयोग होत नाही, कारण ते बहुतेक वेळा खरं असतं. त्यापेक्षा नेमकं विचारावं: "बाबा, रात्री दोन वाजता पाणी कमरेपर्यंत आलं, वीज नाही, तर तुम्हाला माळ्यावर चढता येईल का? आणि तिथून छपरावर?" आणि त्यांच्या तयारीचं काम त्यांच्याच हाती द्यावं. औषधांची यादी, किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या, चष्म्याची जादा जोडी. चालू असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन खोलीच्या तापमानात, म्हणजे साधारण ३० अंशांच्या आत, २८ दिवस चालतं. भर उन्हात बंद गाडीत मात्र नाही, त्याला बर्फाला न चिकटवता थंड पिशवीत ठेवावं. लघवीची गोळी चालू असेल तर आठ तासांच्या रांगेत काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारावं, आपल्या मनाने बंद करू नये. भारतातून पाहुणे आलेल्या आईवडिलांचे पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) आणि प्रवासी विम्याचं कार्ड तुमच्या कागदांबरोबर एकाच जलरोधक पिशवीत असावं. तुमचे स्वतःचे आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची नोटीस) किंवा ग्रीन कार्डही. भिजलेला पासपोर्ट नवा करायला वादळापेक्षा जास्त दिवस जातात.

कोकणात 'निसर्ग' आलं, ३ जून २०२० रोजी, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांतून प्रशासनाने माणसं शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. 'मॅन्डेटरी' आदेश असला तरी पोलिस हाताला धरून बाहेर काढत नाहीत. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की यापुढे मदत येणार नाही. २०२४च्या हेलीनच्या आधी टेलर काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने थांबणाऱ्यांना आपलं नाव आणि जन्मतारीख पक्क्या शाईने हातावर लिहून ठेवायला सांगितलं होतं, मृतदेह ओळखता यावा म्हणून.

पैशाचंही स्पष्ट बोललं पाहिजे. चार रात्रींचं हॉटेल, गॅस, बाहेरचं जेवण आणि बुडालेली मजुरी, हे सगळं मिळून कित्येक घरांना परवडत नाही. कॅटरिना महिनाअखेरीला आलं, जेव्हा पगाराचे आणि पेन्शनचे पैसे संपलेले असतात. शिवाय न्यू ऑर्लिन्समधल्या हजारो घरांत गाडीच नव्हती. अशा लोकांना 'हट्टी' म्हणणं अन्यायाचं आहे. टेक्सास आणि फ्लोरिडात २११ला फोन करून गाडी नसलेल्यांच्या सोयीची माहिती मिळते. आजारी आणि अपंग माणसांची नोंदणी मात्र हंगामाच्या आधीच करावी लागते. तुमच्या गाडीत जागा असेल तर शेजारच्या एकट्या बाईंना आदल्या संध्याकाळी विचारा. सकाळी विचारलं तर त्यांची बॅग तयार नसते.

थांबायचं ठरलं तर माणशी दिवसाला चार लिटर पाणी, किमान आठवड्याचं. न शिजवता खाता येईल असं अन्न. चिवडा, लाडू, दशम्या यांच्यासारखं टिकाऊ आपल्याकडे भरपूर आहे. खिडक्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून काही होत नाही, काचेचे तुकडे फक्त मोठे पडतात. १६ मिलिमीटरचा प्लायवूड हवा आणि तो विटेत किंवा चौकटीत बोल्टने बसलेला. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर लांब, गॅरेजमध्ये कधीच नाही, दार उघडं असलं तरी नाही. २०२०च्या लॉरानंतर लुइझियानात अनेक माणसं त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने गेली. आणि थांबणाऱ्याने दुसऱ्यांदा निर्णय घ्यायची तयारी ठेवावी. ८ जुलै २०२४ला बेरील ह्यूस्टनवर आलं ते जेमतेम कॅटेगरी एकचं, पण बावीस लाख ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभर, आणि माणसं उकाड्याने दगावली. वादळ सुखरूप गेलं, रस्ते उघडले, पण एसी नाही आणि घरात ऐंशीच्या आजी आहेत, तर तेव्हा निघायचं. गाडीतला गॅस त्या दिवसासाठीही लागतो.

निघताना मुख्य ब्रेकर बंद करा; फ्रीज चालू ठेवायचा असेल तर मुख्य चालू ठेवून फ्रीजचा सोडून बाकीचे ब्रेकर बंद करा. फ्रीजरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या पेल्यावर एक नाणं ठेवा. परतल्यावर ते तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं असं समजून अन्न टाकून द्या. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, फोनवर व्हिडिओ काढा. दुसरी गाडी बहुमजली पार्किंगच्या वरच्या मजल्यावर लावा. थोडी रोख रक्कम, लहान नोटांत. भारतातल्या नातेवाइकांसाठी एकच माणूस ठरवा आणि त्यालाच कळवा; वादळाच्या रात्री तीस फोन घेत बसलं तर बॅटरी संपते.

परतताना पोलिस नाक्यावर पत्त्याचा पुरावा मागतात, म्हणून विजेचं बिल किंवा लायसन्स हाताशी ठेवा. घरात पाणी आलं असेल तर साफसफाईच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढा, मगच भिजलेला ड्रायवॉल (भिंतीवरच्या जिप्समच्या फळ्या) काढायला घ्या. उष्ण हवेत एक-दोन दिवसांतच बुरशी धरते. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं. त्याची वेगळी पॉलिसी लागते, आणि सरकारी योजनेतली पॉलिसी घेतल्यापासून सर्वसाधारणपणे तीस दिवसांनी लागू होते. हंगाम १ जूनला सुरू होतो, तेव्हा ती एप्रिल संपायच्या आत घ्यायला हवी.